जुन्या कलमांना फवारे पुरे झाले, आता करवत लावा

मंडळी, पाऊस ओसरत आलाय. नवरात्र झालं की बेणणी, मग पंप दुरुस्तीला, मग औषधाच्या दुकानात उधारीचं पान उघडायचं, हा आपला दरवर्षीचा क्रम. पंप बाहेर काढायच्या आधी एक विषय मांडतो. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरी तीस-चाळीस वर्षांची हापूसची कलमं आहेत त्यांनी वाचाच. ज्यांच्या घरी नाहीत त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण आंबा गेला तर या जिल्ह्यात मागे काय उरतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पावस, गोळप, नेवरे, मालगुंड, कुठल्याही गावातल्या जुन्या बागेत शिरा. भर दुपारी आत काळोख. एका कलमाच्या फांद्या दुसऱ्यात घुसलेल्या. खालून वर बघितलं तर पानं फक्त शेंड्याला, छत्रीसारखी, आणि आत नुसता वाळक्या काटक्यांचा सांगाडा. चाळीस फुटांवर मोहोर येतो, चाळीस फुटांवर आंबा लागतो, तो काढायला चढणारा गडी मिळत नाही आणि मिळाला तर तो जिवावर उदार होऊन चढतो. या झाडाला आपण 'म्हातारं झालं, आता रोग धरणारच' म्हणतो. वय हे कारण अर्धंच आहे. हापूसचं कलम नीट ठेवलं तर पन्नास-साठ वर्षांचंही चांगलं धरतं. रोग धरतो तो दाटीमुळे, आणि दाटी आपण होऊ दिलेली आहे.

हे झालं कसं, तेही बघा. 1990 साली राज्य सरकारने रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवड सुरू केली. कातळ फोडून, खड्ड्यात बाहेरून माती आणून लोकांनी कलमं लावली. कोकणाचा चेहरा बदलणारी योजना होती ती, यात वाद नाही. दहा बाय दहा मीटरवर लागवड, म्हणजे हेक्टरी शंभर झाडं. तेव्हा काठीएवढं कलम नि आजूबाजूला मोकळं रान बघून दहा मीटर अंतर फुकट घालवल्यासारखं वाटायचं. काहींनी मधे आणखी एकेक घुसवलं. ती झाडं आज तीस-पस्तिशीत आली आणि एकमेकांच्या अंगावर आली. लागवडीला सरकार होतं, पंचवीस वर्षांनी ती झाडं कापावी लागतील याचा विचार कोणी केला नाही. आजोबांच्या काळातल्या बागा तर त्याहून जुन्या, त्यात अंतर असं काही नव्हतंच.

आता रोगाचं बघू. करपा काय करतो? त्याची बुरशी झाडातल्याच वाळक्या काटक्यांवर आणि जुन्या रोगट पानांवर वर्षभर टिकून राहते. पाऊस पडला, दव पडलं, की थेंबाबरोबर ती खालच्या पालवीवर, मोहोरावर, कणीवर उतरते. म्हणजे रोगाचं कोठार झाडाच्या पोटातच आहे, आणि आपण बाहेरून औषध मारतो. फांदीमर तशीच. डहाळी शेंड्याकडून वाळत मागे येते, पानं तपकिरी होऊन तिथेच लटकतात, फांदी उभी चिरली तर आत काळपट रेघ दिसते. ती रेघ जिथे संपते तिथून आणखी तीन-चार इंच खाली, निरोगी लाकडात कापलं तर रोग थांबतो. नाही कापलं तर तो फांदीतून खोडाकडे चालत राहतो. यावर कुठलीही बाटली नाही. दुकानदार देईल, पण नाही.

तुडतुडा दाट सावलीत आणि दमट हवेत वाढतो. त्याच्या चिकट्यावर काजळी चढते, पानं काळी पडतात. काळं पान ऊन घेत नाही आणि झाड आणखी अशक्त होतं. भुरीला तर पाऊसही लागत नाही, मोहोराच्या वेळची थंड रात्र आणि ढगाळ दमट हवा पुरते. आणि थ्रिप्स! गेल्या काही वर्षांत या फुलकिड्याने रत्नागिरीच्या बागायतदाराची झोप उडवली आहे. विद्यापीठाचं वेळापत्रक साधारण सहा फवारण्यांचं, पण वाडीत विचारा कोण किती मारतो. आठ मारणारे आहेत, दहा मारणारे आहेत, एका टाकीत तीन-तीन औषधं मिसळणारेही आहेत. त्यात थ्रिप्स खाणारे मित्रकीटक आधी मरतात आणि थ्रिप्स राहतात.

मुद्दा असा की चाळीस फुटी दाट झाडात फवारा पोचतच नाही. खालून मारलेलं औषध बाहेरच्या पानांवर बसतं, थोडं मारणाऱ्याच्या नाकातोंडात जातं, आणि आतली काटकी, जिथे बुरशी बसली आहे, ती कोरडीच राहते. अर्धं औषध वाऱ्यावर. हा खर्च दरवर्षी वाढतो, आंबा दरवर्षी कमी. मग आपण म्हणतो हवामान बदललं. हवामान बदललंच आहे, अवेळी पाऊस काय करतो ते मी सांगायला नको. पण त्याच पावसानंतर मोकळं झाड तासाभरात वाळतं आणि दाट झाड दुपारपर्यंत ओलं राहतं. करप्याला तेवढा ओलावा पुरतो.

बांडगुळाबद्दल वेगळं लिहावंसं वाटतं, कारण तो शब्द आपण पुढाऱ्यांसाठी इतका वापरतो की खऱ्या बांडगुळाकडे बघायचं राहून जातं. फुलटोचा नावाचा एवढासा पक्षी त्याची फळं खातो, बी चिकट असते, ती दुसऱ्या फांदीला पुसून जातो. तिथे ते रुजतं आणि आंब्याच्या फांदीत मूळ घुसवून तिचं पाणी आणि खनिजं ओढतं. बांडगुळाच्या पुढची फांदी हळूहळू बारीक होते आणि वाळते. दरवर्षी आपण गड्याला सांगतो 'बांडगूळ काढ', तो कोयत्याने पाला छाटून खाली टाकतो, आपल्याला बरं वाटतं. गाठ तशीच आणि पुढच्या पावसात तिथूनच दुप्पट फुटतं. फांदी बारीक असेल तर गाठीच्या खाली हात-दीड हात फांदीसकट कापायचं, हाच उपाय. आणि फळं धरायच्या आत कापायचं, नाहीतर पक्ष्याने आपलं काम आधीच करून ठेवलेलं असतं. शिवाय तुम्ही काढलं आणि शेजाऱ्याने ठेवलं तर दोन वर्षांत तुमच्याकडे परत. रस्त्याकडेच्या आणि सरकारी जागेतल्या झाडांवर तर त्याची शेतीच चालू आहे, तिकडे कोणी बघत नाही.

तर उपाय छाटणी. हे मी शोधून काढलेलं नाही. दापोलीचं आपलं कोकण कृषी विद्यापीठ जुन्या बागांच्या पुनरुज्जीवनाबद्दल कितीतरी वर्षं सांगतंय, लखनौजवळ रेहमानखेड्याच्या केंद्रीय संस्थेने उत्तरेतल्या बागांवर हेच काम केलं आहे. पाऊस गेल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आधी मेलेलं, रोगट, बांडगुळाचं लाकूड काढायचं. मग मधोमध सरळ वर गेलेली फांदी काढून झाड आतून उघडायचं, ऊन खोडापर्यंत उतरलं पाहिजे. फारच उंच गेलेलं असेल तर उंची तिसऱ्या हिश्श्याने किंवा निम्म्याने खाली आणायची. कोयत्याने नाही, करवतीने. जाड फांदीला आधी खालून खाच, मग वरून काप, म्हणजे फांदी पडताना साल ओरबाडत नाही. रोगट फांदी कापल्यावर करवत पुसून निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावायची नाही. कापलं की त्याच दिवशी बोर्डो मलम: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. कापलेला रोगट माल बागेत ढीग करून ठेवायचा नाही. तो तिथेच राहिला तर बुरशी झाडावरून जमिनीवर आली, एवढंच झालं.

इथपर्यंत सगळे माना डोलावतात. पुढचं ऐकत नाहीत. कापल्यानंतरची दोन वर्षं जास्त महत्त्वाची आहेत. उघड्या पडलेल्या खोडावर ऊन लागून साल भाजते, म्हणून चुना लावायचा. भिरूड अशाच झाडावर तुटून पडतो. खोडातून भुसा पडताना दिसला की तारेचा आकडा घालून अळी काढायची, भोकात औषधाचा बोळा घालून मातीने लिंपायचं. हे दर पंधरवड्याला बघावं लागतं. मग शेकडो फुटवे येतात, त्यातले बाहेरच्या बाजूचे तीन-चार जोमदार ठेवून बाकी काढायचे, नाहीतर चार वर्षांत पुन्हा तेच जंगल. आणि छाटलेल्या झाडाला लगेच कल्टार घालायचं नाही. अशक्त झाडाला ते संजीवक द्यायचंच नसतं, हे विद्यापीठाच्या शिफारशीत स्वच्छ आहे.

ज्यांनी हे केलं नाही त्यांची झाडं मेली. खोटं कशाला बोलू. वाडीवाडीत एक तरी उदाहरण सांगतात, 'अमक्याने छाटली आणि सगळी गेली'. गेली, खरं आहे. एकाच वर्षी सगळी बाग निम्म्यावर आणली, मलम लावलं नाही, भिरूड बघितला नाही, वर दुसऱ्या वर्षी कल्टार. अशाने बाग जाणारच. म्हणून माझं मत असं की सरसकट निम्म्याने कापायच्या फंदात पडूच नये. तिसरा हिस्सा झाडं एका वर्षी, तिसरा पुढच्या वर्षी. आणि ज्या झाडाला नुसतं मधून उघडून भागतं त्याला तेवढंच.

नाशिकचा द्राक्षवाला वर्षातून दोनदा वेल छाटतो, एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी. हिमाचल-काश्मीरचा सफरचंदवाला दर हिवाळ्यात झाड झोपलेलं असताना कात्री घेऊन बसतो, कॅंकर दिसला की निरोगी लाकडापर्यंत कापून काढतो. तिकडे कोणाला त्यात पाप वाटत नाही. आपल्याकडे करवत घेतली की घरातली म्हातारी माणसं डोळ्यांत पाणी आणतात, 'आजोबांनी लावलेलं कलम रे'. त्या भावनेची मी चेष्टा करणार नाही. पण आजोबा स्वतः आकडी घेऊन दरवर्षी वाळकं काढायचे, चुलीला लाकूड लागायचं म्हणून का होईना. गॅस आला आणि ती छाटणी बंद झाली. हे माझं निरीक्षण, पटलं नाही तर सोडून द्या.

फरक एक आहे आणि तोच या सगळ्याच्या मुळाशी आहे. द्राक्षवेल छाटली की त्याच हंगामात घड देते. हापूस जोरात छाटला की पहिली दोन वर्षं जवळजवळ काही नाही, तिसऱ्या वर्षी मोहोर दिसतो, पोटाला पुरेल इतकं त्याच्याही पुढे. या मधल्या वर्षांत खायचं काय?

आणि ही करवत धरायची कोणी? निम्म्या बागा कराराने दिलेल्या. करार वर्षाचा, दोन वर्षांचा, फार तर पाच. करार घेणाऱ्याने वाशीच्या दलालाकडून उचल घेतलेली असते, त्याला याच हंगामात पेट्या पाठवायच्या असतात. तो फांदी का कापील? तो फवारील, कल्टार घालील, मिळेल तेवढं काढून घेईल. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कराराने त्याला दुसरी वाटच ठेवलेली नाही. मालक मुंबईत. तो एकटाही नाही, सातबाऱ्यावर बारा नावं, त्यातली तीन वारलेली, दोन वारस नोंदीविना. मे महिन्यात आणि गणपतीला येतात, पेटी घेऊन जातात. मूळ जागेवर राहणारा जो एक भाऊ असतो, बहुतेक वेळा तोच साठी ओलांडलेला, त्याने स्वतःच्या जबाबदारीवर चार कलमं छाटली तर मुंबईहून फोन येतो, 'कोणाला विचारून कापलीस?' मग तो पुढच्या वर्षी काहीच करत नाही.

सरकारी मदत आहे का? आहे. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात जुन्या फळबागांच्या पुनरुज्जीवनाची तरतूद आहे. 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत हेक्टरी खर्च 40,000 रुपये धरून निम्मे, म्हणजे 20,000 रुपये अनुदान, दोन हेक्टरच्या मर्यादेत. हेक्टरी शंभर झाडं धरली तर झाडामागे 200 रुपये. उंच झाडावर चढून करवत चालवणाऱ्या माणसाची दुपारसुद्धा यात येत नाही, मलम आणि भिरूड तर लांबच. दर थोडे वाढवले म्हणून हे गणित बदलत नाही, कारण त्यात गेलेल्या उत्पन्नाचा एक रुपयाही धरलेला नाही. आणि अर्ज करायचा तर सामाईक सातबाऱ्याला सगळ्यांची संमती. बारा सह्या गोळा करण्यापेक्षा दहा फवारण्या सोप्या.

फळपीक विमा आहे, अवेळी पाऊस, तापमान, वारा यांसाठी. तो या हंगामाच्या फळाला आहे, झाडाला नाही. छाटलेल्या झाडाला फळ नाही, मग विमा कशाचा? बँकेचं पीककर्जही वर्षाच्या हिशोबाचं. म्हणजे आपली प्रत्येक योजना बागायतदाराला सांगते की यंदाचं फळ बघ, झाडाचं नंतर बघू.

वर कायद्याची भीती. 1964 च्या झाडतोड अधिनियमात आंबा अनुसूचित झाडांत आहे, आणि ते योग्यच आहे. पण रोगट फांदी छाटणं आणि झाड तोडणं यात फरक आहे हे गावात कोणी नीट समजावून सांगत नाही. चेन सॉचा आवाज झाला की शेजारी, ज्याच्याशी बांधावरून वाद आहे तो, फोन करायला मोकळा. कृषी विभाग आणि वन विभाग यांनी मिळून एका पानाचं साधं मराठी पत्रक काढावं, शेतकऱ्याने आपल्या बागेत रोगट जुन्या कलमाची छाटणी करताना काय करायचं, काय करायचं नाही. पत्रकाला निधी लागत नाही.

निधी लागतो तो बाकीच्याला, आणि तो मागायचा तर नेमका मागू या. छाटलेल्या झाडाला पहिली तीन वर्षं दरवर्षी निर्वाह रक्कम, झाडं मोजून, पहिल्या वर्षी छाटणी आणि मलम बघून, पुढे फुटव्यांची विरळणी आणि भिरूड बघून. एकरकमी दिली तर फोटो काढून संपेल. तालुक्याला एक छाटणी पथक, चढणारी तरुण मुलं, सुरक्षा पट्टा, करवत, त्यांचा विमा, आणि दापोलीचं प्रशिक्षण. या जिल्ह्यात फवारणीला आणि राखणीला नेपाळहून माणसं येतात, आपली मुलं कारखान्याच्या गेटवर कंत्राटी कामाला उभी असतात. कसबी छाटणारा ही चांगली कमाई होऊ शकते. सामाईक सातबाऱ्यासाठी, जो भाऊ प्रत्यक्ष बाग कसतो त्याला पुनरुज्जीवनापुरती तरी ग्रामसभेच्या शिफारशीवर मदत मिळावी. त्याने कोणाचा हक्क जात नाही.

आणि कराराबद्दल मालकांना सांगणं आहे, चाकरमान्यांना विशेष. वर्षाच्या कराराने बाग देऊ नका. सात वर्षांसाठी द्या, पहिली तीन वर्षं रक्कम कमी घ्या, आणि कागदावर लिहा की दरवर्षी इतकी कलमं छाटायची, बांडगूळ पावसाआधी काढायचं, कल्टार शिफारशीच्या मापाबाहेर घालायचं नाही. पहिली तीन वर्षं पैसे कमी येतील म्हणून कुरकुर कराल. मग 2018 साली मिळालेलं जीआय मानांकन पेटीवर छापत बसा, आत भरायला आंबा दुसऱ्या राज्यातून आणू. तसाही येतोच आहे, हे वाशीला जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

2 ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. आमच्या वाडीतून निवेदन तयार आहे: निर्वाह रक्कम, पथक, पत्रक, आणि गावातल्या रस्त्याकडेच्या झाडांवरचं बांडगूळ ग्रामपंचायतीने उतरवावं. ज्यांना मसुदा हवा त्यांनी सांगा, पाठवतो, गावाचं नाव बदलून वापरा. त्याखेरीज आम्ही सहा घरांनी मिळून दिवाळीनंतर तीन दिवसांसाठी चेन सॉ आणि तीन माणसं ठरवली आहेत. प्रत्येकाची पाच कलमं, एकूण तीस, त्यातली उंची कमी करायची फक्त सात. बाकी मधून उघडायची. मोरचूद-चुना एकत्र आणलाय. बघायला यायचं असेल तर या, येताना जुने कपडे घाला, काजळी अंगावर पडते.